वहीतली रीत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कराडच्या पेठेतून सहज चक्कर मारली, तर अजूनही चारदोन जुन्या दुकानांत लाल कापडी बांधणीच्या वह्या पाटावर मांडलेल्या दिसतात. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली कुंकवाचे स्वस्तिक, वर अक्षता आणि लाह्याबत्तासे. हिशेब आता संगणकावर असतो. वही बहुधा पुढल्या दिवाळीपर्यंत कोरीच राहते. तरी पूजा तिची होते. संगणकाच्या वाट्याला फार तर झेंडूचे एक फूल. यात मला वावगे काही दिसत नाही. वही म्हणजे व्यापाऱ्याची अब्रू. पण ज्या वहीला आपण असा नमस्कार करतो, तिच्या आत काय लिहिले आहे आणि ते कोणत्या रीतीने लिहिले आहे, हे पाहण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न पूजेच्या वेळी कोणी विचारीत नाही. आपल्या मुलखाने मात्र तो एकदा विचारला होता, आणि विचारताना हातात पेटते चूड धरले होते.

हे आठवायला कारण झाले ते आजकालच्या एका वादाचे. मोठमोठ्या संगणकी कंपन्या ज्या गणितावर चालतात ते गणित त्यांनी सरकारी तपासनिसापुढे उघडे करावे की नाही, असा हा वाद आहे. आपल्याला कर्ज मिळणार की नाही, मिळाले तर किती व्याजाने, टॅक्सीचे भाडे पाऊस पडताच दुप्पट का होते, मुलांच्या हातातल्या फोनवर अमुकच चित्र पुढे का येते, हे सारे ठरविणारा एक मजकूर कंपनीपाशी असतो. त्याला अल्गोरिदम म्हणतात. शब्द अंगावर येतो, पण घाबरण्याचे कारण नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी नावाचा गणिती होऊन गेला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा हे त्याने लिहिले, त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि त्याच्या नावाच्या अपभ्रंशातून हा शब्द निघाला. म्हणजे मूळ अंक आपलेच! आणि मराठी शाळेत या वस्तूला फार जुने नाव आहे: रीत. मी मास्तर माणूस. पोराचे उत्तर बरोबर असले आणि रीत लिहिलेली नसली, तर मी गुण कापतो. उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवरूनही उतरवता येते. रीत पाहिल्याशिवाय ते कुठून आले हे कळत नाही. प्रश्न एवढाच आहे की, जो नियम सातवीच्या पोराला, तोच कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला लावायचा की नाही?

आता दीडशे वर्षे मागे जाऊ.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातले भीमथडी तालुक्याचे सुपे गाव. बाजारचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून कुणबी जमले आणि त्यांनी गुजर सावकारांची दुकाने व घरे गाठली. धान्य आणि कापड लुटले गेले हे खरे. पण जमावाची पहिली मागणी पैशाची नव्हती, धान्याचीही नव्हती. मागणी होती कागदाची. कर्जरोखे काढा, खते काढा, वह्या काढा! कागद हाती आले की रस्त्यावरच त्यांची होळी. पुढल्या काही दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडले. चौकशीसाठी सरकारने जे कमिशन नेमले, त्याने एक गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवली आहे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. दंगलीत मनुष्य सुटतो आणि कागद जळतो, असे जगाच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही.

या आधी, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने निराळा उपाय करून पाहिला होता. तेथल्या सावकाराने हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाचे घर पाडले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. बहिष्काराचे ते लोण पसरले आणि पाच महिन्यांनी सुप्यात त्याचा भडका झाला.

पुण्यानगरची ही कथा शाळेच्या पुस्तकात असते. आमच्याकडे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे की या आगीची एक ठिणगी वारणाकाठीही पडली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कोकरूडला (आज ते सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे, तेव्हा सारा मुलूख एकच सातारा जिल्हा होता) गावकऱ्यांनी एका गुजर सावकाराचे घर लुटले आणि त्याचे कागद जाळले. कराडहून कोकरूड काही फार लांब नाही. आज त्या रस्त्याने उसाच्या गाड्या जातात. सावकाराचा वाडा कोणता होता हे मी सांगू शकत नाही, आणि ते महत्त्वाचेही नाही. महत्त्वाचे हे की पुण्याच्या पठारावरचा कोरडवाहू कुणबी आणि वारणेकाठचा कुणबी या दोघांच्या मनात एकच वस्तू सलत होती, आणि ती वस्तू म्हणजे त्यांना वाचता न येणारा एक कागद.

वाचता न येणारा, हे शब्द मी जपून वापरतो आहे. सावकाराची रोजकीर्द आणि खतावणी असे मोडीत किंवा त्याच्या स्वतःच्या लिपीत. कुणब्याने अंगठा उठवायचा. मूळ मुद्दल किती घेतले, पैकी कर्ज देतानाच मनोती म्हणून किती कापून घेतले, सुगीच्या वेळी घातलेले धान्य कोणत्या भावाने जमा धरले, हे सारे वहीत. आणि वही सावकाराच्या पेटीत. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा विद्येच्या अभावाला त्यांनी सगळ्या अनर्थाच्या मुळाशी धरले, ते या वहीच्या बाबतीत तर अक्षरशः खरे होते.

आता रीत पाहू, कारण गोम तिच्यात आहे. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे. त्यानंतर त्यावर दावा चालणार नाही. हेतू चांगला होता. जुनी, शिळी कर्जे उकरून काढून सावकाराने कुळाला छळू नये, आणि व्याज साठत जाऊ नये. परिणाम अगदी उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार म्हणू लागला, "बाबा, खत जुने झाले, नवे लिहून दे." आणि नव्या खतात तीन वर्षांचे व्याज मुद्दल होऊन बसू लागले.

एक उदाहरण घेऊ. वाचकांनी दिवाळीच्या फराळानंतर कागद-पेन्सिल घ्यावी, असा माझा मास्तरी आग्रह आहे. एका कुणब्याने शंभर रुपये घेतले, दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याजाने. तीन वर्षांचे व्याज ७२. नवे खत १७२ रुपयांचे. पुन्हा तीन वर्षांनी त्यावर व्याज १२३ रुपये ८४ पैसे; नवे खत २९५ रुपये ८४ पैशांचे. आणखी तीन वर्षांनी, म्हणजे नऊ वर्षे भरताना, देणे झाले सुमारे ५०९ रुपये. हेच सरळव्याजाने धरले तर ३१६ रुपये होतात. आणि आपल्या जुन्या धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम लावला, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचे नाही असे म्हटले, तर देणे २०० रुपयांवर थांबते. तेच शंभर रुपये, तीच नऊ वर्षे. कोणती रीत लावली यावर दोनशे की पाचशे ते ठरणार. आणि ती रीत कुणब्याला दिसत नव्हती. शेवटच्या खतात फक्त एवढेच लिहिलेले असे की, अमुक कुळाने पाचशे नऊ रुपये रोख घेतले. न्यायाधीशापुढे तोच कागद येई. खालचे तीन कागद कधीच फाडून टाकलेले असत. इंग्रजी न्यायालय म्हणे, अंगठा तुझाच ना? मग देणे दे!

त्यात अमेरिकेतल्या यादवीने भर घातली. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, इकडे भाव चढला, सावकारांनी सढळ हाताने पैसे दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास, १८६७ पासून, पुणे जिल्ह्यात साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि काही ठिकाणी सारा निम्म्याहून अधिक वाढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून हे सारे मांडले होते. ऐकले कोणी नाही. ऐकू आले ते सुप्याच्या होळीनंतर.

कमिशनचा अहवाल १८७८ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटपुढे ठेवला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या वर्षीचा सतरावा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. मला हा कायदा आपल्या प्रांताच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट वाटते, आणि तिचे कौतुक जितके व्हायला हवे तितके झालेले नाही. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले, एवढेच आपण ऐकलेले असते. त्याहून थोर कलम बारावे व तेरावे. न्यायाधीशाने शेवटच्या कागदावर थांबू नये. व्यवहार पहिल्या दिवशी कसा सुरू झाला तिथपासून साऱ्याची चौकशी करावी. मुद्दलाचे खाते निराळे, व्याजाचे निराळे धरावे. प्रत्यक्ष हातात पडलेले पैसे आणि प्रत्यक्ष दिलेला माल एवढेच मुद्दल. व्याजाचे मुद्दल करायचे नाही. मध्येच कुळाने 'हिशेब मान्य' म्हणून सही केली असली, तरी ती बाजूला ठेवावी. म्हणजे सोप्या भाषेत, उत्तर नको, रीत दाखव!

त्याच कायद्यात आणखी तरतुदी होत्या. शेतकऱ्याने लिहून द्यायचे खत गावनोंदणीदारासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहायचे. पैसे दिल्याची पावती मागण्याचा हक्क. वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क. आणि हिशेबाचे लहानसे पुस्तक स्वतःजवळ ठेवून त्यात सावकाराकडून वेळोवेळी नोंद करून घेण्याचा हक्क. आज बँकेचे पासबुक आपण खिशात घालून फिरतो. १८७९ मध्ये साताऱ्याच्या कुणब्याला ते कायद्याने मिळाले होते, हे वाचून मला विलक्षण आनंद झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले. गावोगावचे हिशेब इतक्या बारकाईने पाहिलेला दुसरा अर्थशास्त्रज्ञ त्या काळी क्वचितच असेल.

सावकारांचे म्हणणेही ऐकायला हवे, नाही तर आपलाही न्याय एका कागदावरचाच ठरेल. सारे सावकार राक्षस नव्हते. साऱ्याचा हप्ता ठरल्या दिवशी सरकारला हवा असे, पीक हातात येवो न येवो. तो हप्ता कुळाच्या वतीने सावकार भरी. बियाणे तो देई, लग्नाला तो देई. त्याचे म्हणणे असे की, वहीत एका कुळाचा नव्हे, साऱ्या गावाचा व्यवहार आहे; ती न्यायालयात उघडली तर शेजाऱ्याची लाज शेजाऱ्याला दिसेल. शिवाय धंद्याची गुपिते प्रतिस्पर्ध्याला कळतील. आणि तिसरे, ते सर्वांत वजनदार: इतकी बंधने घातलीत तर आम्ही कर्जच देणार नाही. आजच्या कंपन्यांची निवेदने मी वर्तमानपत्रांतून वाचतो, तेव्हा हेच तीन मुद्दे नव्या अंगरख्यात समोर येतात. ग्राहकांची खाजगी माहिती, धंद्याचे गुपित, आणि प्रगती खुंटेल ही धमकी.

धमकी अगदीच पोकळ नव्हती. काही सावकारांनी खरोखरच हात आखडला. काहींनी त्याहून हुशारी केली. गहाणखत न्यायालय उकलते ना? मग गहाणखत लिहायचेच नाही, सरळ खरेदीखत लिहायचे! जमीन विकली असे कागदावर, आणि 'पैसे फेडलेस की परत देईन' हे तोंडी. कागदावर विक्री असल्याने हिशेबाचा प्रश्नच उरेना. शेवटी कायद्यात दहा-अ हे कलम घालावे लागले, की विक्री म्हणून लिहिलेला व्यवहार खरोखर कर्जाचा आहे का हे न्यायालयाने तोंडी पुरावा घेऊन पाहावे. कायदा एक दार उघडी, सावकार दुसरे बुजवी. हा खेळ पुढे कितीतरी वर्षे चालला. १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा, दोन्हींत परवाना, ठरलेल्या नमुन्यातल्या वह्या आणि निबंधकाला तपासणीचा अधिकार आहे. तरी बिनपरवाना सावकारी संपली असे म्हणण्याचे धाडस आमच्या जिल्ह्यात कोणी करणार नाही.

बाजारपेठेतही हीच गोष्ट निराळ्या रूपात होती. अडत्याच्या दुकानी माल आला की खरेदीदार रुमालाखाली हात घाली आणि अडत्याची बोटे दाबून भाव सांगे. भाव कोणता बोलला गेला हे दोन हातांना ठाऊक. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून रुमालाकडे बघत राही. मोठे नाटकी दृश्य असले पाहिजे ते. कादंबरीकार म्हणून मला त्याचा मोह पडतो, पण शेतकरी म्हणून उभे राहण्याची कल्पना केली की अंगावर काटा येतो. पुढे नियंत्रित बाजाराचे कायदे आले, उघडा लिलाव आला आणि रुमालाखालची बोटे बाहेर काढावी लागली. त्यामुळे सांगलीची हळद काही विकायची थांबली नाही.

येथवर गोष्ट सरळ आहे: सावकार झाकतो, सरकार उघडते. पण इतिहास इतका भाबडा नसतो. सरकारच्या स्वतःच्या वहीचे काय?

साऱ्याची आकारणी हीही एक रीतच होती, आणि मोठी शास्त्रशुद्ध. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात तिचा पाया घातला. जमिनीची खोली, मातीचा रंग व पोत पाहायचा, चुनखडी किंवा वाळू असे दोष मांडायचे आणि सोळा आण्यांपासून खाली उतरत तिची प्रत ठरवायची. इतकी बारकाईची पद्धत त्या काळी दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही. पण या हिशेबात चूक झाली आहे असे एखाद्या रयतेला वाटले तर? १८७६ मध्ये, म्हणजे सुप्याच्या दंग्यानंतर अवघ्या वर्षाने, सरकारने मुंबई इलाख्यासाठी महसुली अधिकारक्षेत्राचा कायदा केला. साऱ्याच्या रकमेविरुद्धचे दावे दिवाणी न्यायालयांनी ऐकायचेच नाहीत! १८७६ मध्ये सरकारने आपल्या वहीला कुलूप लावले आणि १८७९ मध्ये सावकाराच्या वहीचे कुलूप तोडले. दोन्ही कायद्यांच्या मध्ये १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ. कुणब्याच्या डोक्यावर दोन वह्या होत्या. त्यातली एकच उघडली.

त्याआधीची इनाम कमिशनची हकिकतही विसरता येत नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जुन्या सनदा तपासण्याचे अधिकार मिळाले. पिढ्यान् पिढ्या देवळाच्या कोनाड्यात, वाड्याच्या फडताळात जपलेले कागद लोकांना पुढे आणावे लागले, आणि कागद नाही किंवा कमिशनला पटला नाही की इनाम गेले. दक्षिण महाराष्ट्रात सत्तावनच्या असंतोषाला याने किती खतपाणी घातले हे इतिहासकारांनी सांगितले आहे. येथेही सरकार म्हणत होते, कागद दाखवा. पण ते रयतेसाठी म्हणत नव्हते, तिजोरीसाठी म्हणत होते. तेव्हा 'सरकारला दाखवा' एवढे म्हणून भागत नाही. कोणासाठी दाखवायचे आणि पाहणाऱ्याची वही कोण पाहणार, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात सरकारला आपल्याच काही यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. ते कलम वाचताना मला १८७६ चे कुलूप आठवले.

आता आजची वही. गेल्या काही वर्षांत फोनवरून झटपट कर्ज देणारे कितीतरी धंदे निघाले. कागद नाही, अंगठा नाही, बोट लावले की पैसे. त्यातल्या काहींनी कर्ज देतानाच मोठी रक्कम कापून घेतली, म्हणजे जुनी मनोतीच. हप्ता चुकला की फोनमधल्या साऱ्या नातलगांना संदेश धाडून माणसाची अब्रू काढली. हे मात्र जुन्या सावकारालाही सुचले नव्हते. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये अभ्यासगट नेमला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घालून दिले. कर्ज देण्यापूर्वी सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो हे एका पत्रकात सांगायचे. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात भरायचे. फोनमधल्या नावांच्या यादीला हात लावायचा नाही. १८७९ च्या कायद्याने जे केले त्याचेच हे वंशज. अभ्यासगटाने याच्याही पुढे जाऊन म्हटले होते की, कर्ज कोणाला द्यायचे हे ठरविणारा अल्गोरिदम तपासता येईल असा असावा, आणि त्यात कोणाविषयी आकस तर नाही ना हे पाहता यावे.

खेड्यात याचा अनुभव 'सिबिल' या एका शब्दातून येतो. तीनशे ते नऊशे यांच्यामधला एक आकडा, आणि त्यावरून माणसाची पत. वेळेवर हप्ते, किती कर्जे घेतली, किती वेळा चौकशी झाली, असे ठळक मुद्दे सांगितले जातात. पण त्यांची नेमकी वजने व सूत्र कंपनीपाशी. पीककर्जासाठी हा आकडा मागू नका असे राज्य सरकारला बँकांना वारंवार बजावावे लागले आहे. हा उपाय मला अर्धवट वाटतो. आकडा मागू नका म्हणण्यापेक्षा आकडा कसा झाला ते दाखवा म्हणणे अधिक बरे. ज्या कुळाला नकार मिळाला, त्याला नकाराचे कारण त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे. आणि सूत्र तपासनिसाला.

कंपन्या म्हणतात, रीत उघडी केली की लोक तिचा गैरफायदा घेतील. यात तथ्य आहे. परीक्षेपूर्वी प्रश्नपत्रिका फळ्यावर लिहिली तर परीक्षा कसली? पण प्रश्नपत्रिका गुप्त असते ती विद्यार्थ्यापासून; नियामकापासून नव्हे. आणि परीक्षा झाल्यावर आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. त्याने मंडळे बुडाली नाहीत. चव्हाट्यावर मांडणे निराळे आणि शपथ घेतलेल्या तपासनिसाला दाखविणे निराळे. कंपन्यांचे वकील ही दोन निराळी कामे एकाच पिशवीत घालतात.

काट्याचेच पाहा ना. कराडच्या चहूकडे साखर कारखाने आहेत. वजनकाटा कारखान्याच्या मालकीचा, पण त्यावर शिक्का वैधमापन खात्याचा. आजवर कोणी म्हटले नाही की काट्याच्या आतली तरफ हे आमच्या धंद्याचे गुपित आहे. तरी काटा मारल्याची ओरड दर हंगामात होते, तो भाग निराळा. काट्याच्या पलीकडे मात्र दुसरे एक गणित आहे, उताऱ्याचे. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये दर ठरविला, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. हा उतारा शेतकऱ्याच्या स्वतःच्या उसाचा नसतो, साऱ्या कारखान्याचा सरासरी असतो, आणि तो काढतो कारखानाच. उसाचा काही रस किंवा मळी इथेनॉलकडे वळविली की साखर कमी निघते, मग उताऱ्याचा हिशेब कागदावर दुरुस्त करावा लागतो. ०.१ टक्का ही दशांशचिन्हानंतरची एक जागा. पन्नास टनांच्या उसाला तिची किंमत १७३० रुपये होते. ऊसवाल्याला अल्गोरिदम म्हणजे काय हे मी समजावून सांगायला नको, तो जन्मभर एका अल्गोरिदमखाली राहिलेला आहे.

युरोपने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले आहे. तिथे २०२२ मध्ये झालेल्या डिजिटल सेवांच्या कायद्याने फार मोठ्या कंपन्यांवर बंधन घातले, की मागणी होताच आपल्या अल्गोरिदमची रचना, तर्क आणि चाचण्या नियामकाला समजावून सांगाव्यात. चीननेही मार्च २०२२ पासून अशा रीतींची सरकारदरबारी नोंद सक्तीची केली. चीनची तऱ्हा मला इनाम कमिशनच्या जातीची वाटते, कारण तिथे पाहणाऱ्याची वही पाहणारे कोणी नाही. युरोपात निदान न्यायालयाचे दार उघडे आहे.

आणि युरोपने आणखी एक गोष्ट केली, जी मला कायद्याहूनही मोलाची वाटते. एप्रिल २०२३ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरी त्यांनी केवळ अल्गोरिदम तपासण्यासाठी एक केंद्र उघडले आणि तिथे हे गणित वाचू शकणारी माणसे बसविली. १८७९ च्या कायद्यातही मूळ अडचण हीच होती. कलमे उत्तम होती, पण सावकाराची वही उलगडून पहिल्या पानापासूनचा हिशेब मांडायचा म्हणजे लिपी जाणणारा, व्याज जाणणारा आणि वेळ असलेला न्यायाधीश हवा. एकेका दाव्यात दहा-दहा वर्षांची पाने चाळायची. रानड्यांसारखे खास न्यायाधीश नेमावे लागले ते त्यासाठीच. कोकरूडच्या माणसांनी कागद जाळले, कारण ते वाचून दाखविणारा त्यांना भेटला नव्हता. आज कंपनीने आपली रीत सरकारी कचेरीत आणून टेबलावर ठेवली, तर ती मोडी वाचणारा कारकून आपण कुठून आणणार आहोत, याचा विचार आमच्या शाळांपासूनच सुरू व्हायला हवा. आणि तूर्त तरी आमच्या शाळेत आठ वर्गांना मिळून संगणक आहेत चार, त्यातला एक बंद आहे.